आईला लघवी आवरत नाही: हा एकच त्रास की दोन?

यावलची लेक: आई 58 वर्षांची, चार बाळंतपणं झालेली, शुगर आहे. कापसाचं गाठोडं डोक्यावर घेताना, खोकताना परकर ओला होतो. आता घरी येऊन कुलूप उघडेपर्यंतही दम निघत नाही, दारातच होऊन जाते. एसटीत बसणं सोडलं, लग्नकार्य सोडलं, वावरात जाताना पाणी पीत नाही. ‘बाईच्या जातीला असतंच’ म्हणते. मला नाही पटत.

निवृत्त सिस्टर, जळगाव: पोरी, तुला पटत नाही हेच बरं आहे. वॉर्डात बायका नवरा बाहेर गेल्यावर हे माझ्या कानात सांगायच्या, तोवर कित्येक वर्षं काढलेली असायची. फार जीव तुटायचा.

ओझं उचलताना, खोकताना सुटते ती ताणाची गळती. बाळंतपणांत ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. दारात होते ती घाईची. मूत्राशय पुरतं भरण्याआधीच आवळतं. आईला दोन्ही दिसतात. पण घाई जंतुसंसर्गानेही होते, वाढलेल्या शुगरनेही. म्हणून आधी लघवी आणि तीन महिन्यांची शुगर तपासा.

पाणी तोडू देऊ नको. लघवी घट्ट झाली की मूत्राशय जास्तच चिडतं. कमी करायचाच तर चहा कमी करा.

व्यायाम: वारा रोखताना आवळतो ते स्नायू आत ओढून पाच सेकंद धरायचे, तेवढाच वेळ सोडायचे. दहा वेळा, दिवसातून तीनदा, श्वास न रोखता. निदान तीन महिने. कुलपापाशी घाई झाली की पळू नये; जागीच थांबून तेच स्नायू आवळावेत, कळ ओसरली की जावं.

चोपडेकर: वडिलांना दिवसभर थेंब थेंब गळायचं, धार बारीक. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावरही बरीच उरलेली दिसली. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांत मूत्राशयाखाली असते ती ग्रंथी, वाढलेली होती.

निवृत्त सिस्टर, जळगाव: दादा, ही तुंबून वाहणारी गळती. मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही, म्हणून भरून सांडतं. जुन्या शुगरने नसा बधिर झाल्या तर बायकांनाही होते, म्हणून आईचीही लघवीनंतरची सोनोग्राफी करून घ्या. लघवीत रक्त दिसलं तर मात्र थांबू नका.

यावलची लेक: सिस्टर, रविवारी माहेरी जाते. डॉक्टरांकडे नेताना काय घेऊ?

निवृत्त सिस्टर, जळगाव: तीन दिवसांची वही. किती प्यायली, कधी गेली, मापाच्या भांड्यात किती झाली, कधी सुटली आणि तेव्हा काय करत होती. चालू गोळ्यांची पाकिटंही ने. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते.