रोजच्या वाटेवर अवचित भेटलेला सूर, नजरेला पडलेली रेघ : तुमचे अनुभव सांगा

ठाणे

गेली 14 वर्षं मी ठाण्याहून सीएसएमटीला कामाला जाते. उतरायचं, गर्दीबरोबर सबवेत शिरायचं, पलीकडे निघायचं. एका पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या आणि दोन तास स्टेशनबाहेर अडकले, तेव्हा मुख्य फाटकाचे खांब पहिल्यांदा नीट पाहिले. एकावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. पर्समध्ये किराणा मालाची पावती होती, तिच्या मागे बॉलपेनने वाघ काढायला घेतला. दहावीनंतर काढलेलं ते माझं पहिलं चित्र.

मग वाचत गेले. 1888 मध्ये पुऱ्या झालेल्या या इमारतीवरचं बरंचसं कोरीवकाम जेजे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. कमानींवरची ती पानं, पक्षी, प्राणी मुंबईतल्या पोरांनी छिन्नीने काढलेत, हे कळल्यापासून मी संध्याकाळची एक लोकल मुद्दाम सोडते. रोज एक पान किंवा एक पक्षी. वही निम्मी भरली आहे.

तुमच्याही वाट्याला असं काही आलं असेल. परीक्षा, बक्षिसं, कार्यक्रम बाजूला ठेवू या. रोजच्या जाण्यायेण्यात, घरात, बाजारात काय सापडलं आणि त्यानंतर तुम्ही काय करायला लागलात, ते लिहा. चार ओळीही चालतील.

कसबा पेठ, पुणे

मी पार्सलं पोचवायचं काम करतो आणि रविवारी तबला शिकतो. दुगुन, म्हणजे तेच बोल दुप्पट वेगात घेताना माझी लय पळायची. गुरुजी थांबवायचे, पुन्हा सुरू करायला लावायचे, पुन्हा तेच.

तांबट आळीत एका घरी रोजचं पार्सल असायचं. तिथे तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम चालतं. भांडं ओळीने ठोकत जायचं, ठोक्याशेजारी ठोका. त्याने पत्रा घट्ट होतो आणि भांड्याला ती चकाकणारी खवल्यांची नक्षी येते. एकदा सही घ्यायला थांबलो होतो. आत एक काका मोठं घंगाळं ठोकत होते, शेजारी त्यांचा मुलगा छोटा तांब्या. काकांच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये मुलाचा एक ठोका पडत होता. कुणीच मोजत नव्हतं. माझी बोटं हेल्मेटवर आपोआप चालायला लागली.

काकांना विचारलं, हात इतका सारखा कसा पडतो? म्हणाले, "हाताकडं नाही बघायचं. पत्रा कच्चा असला की आवाज बसका येतो, घट्ट झाला की खणखणीत. तो ऐकत पुढं सरकायचं." मी दुगुन घेताना पुढच्या बोलाची घाई करत होतो, वाजलेला बोल ऐकतच नव्हतो. त्या रविवारी हात हलका ठेवून प्रत्येक बोल कानावर येऊ दिला. गुरुजींनी सलग तीन आवर्तनं थांबवलं नाही. आता ते पार्सल मी मुद्दाम शेवटी ठेवतो.

नाशिक

चारच ओळी. रसवंतीच्या चरकाला बांधलेली घुंगरं. ऊस आत गेला की चरक जड चालतो, घुंगरांची लय उतरते. चिपाड बाहेर पडलं की पुन्हा चढते. माझी सहा वर्षांची मुलगी डोळे मिटून सांगते, "आत्ता ऊस घातला." मी तोवर फक्त रस पीत होतो.

सोलापूर

आमच्या गल्लीत किराणा दुकानाची पाटी रंगवायला एक पेंटर आले. फ्लेक्सच्या जमान्यात हाताने पाटी, म्हणून थांबलो. त्यांनी खडूच्या भुकटीत घोळवलेला दोरा दोन टोकांना ताणून धरला आणि मध्ये चिमटीत उचलून सोडला. टप्! भिंतीवर सरळ पांढरी रेघ. मग डाव्या हातातली काठी भिंतीला टेकवली, तिच्यावर उजवं मनगट ठेवलं आणि 'श्री'ची वेलांटी एका दमात फिरवली.

मी छपाईच्या धंद्यात 20 वर्षं आहे. संगणकावर अक्षरं निवडतो, लहानमोठी करतो. पण ब्रश कुठे दाबला तर रेघ जाड होते आणि कुठे सैल सोडला तर बारीक होते, हे मी डोळ्यांदेखत त्या दिवशी पाहिलं. आपल्या अक्षराचा जाडबारीकपणा हाताच्या वळणातून येतो. घरी येऊन बोरूला तिरका काप दिला आणि 'क' गिरवत बसलो. रोज रात्री एक पान गिरवतो. 'ळ' अजून जमत नाही.

बडोदा

आमच्या घराण्याची चौथी पिढी इथे आहे. कीर्तिमंदिरावरून हजार वेळा गेले असेन, गायकवाडांचं स्मारक एवढंच माहीत होतं. पुण्याच्या भाचीला दाखवायला म्हणून आत गेले आणि नंदलाल बोसांची भित्तिचित्रं समोर आली. गंगावतरण, मीरा, महाभारताचं युद्ध. घरापासून 15 मिनिटांवर! भाची कंटाळून बाहेर गेली, मी तिथेच बसून राहिले. त्या दिवाळीत दारात ठिपक्यांची रांगोळी घातली नाही. गेरूवर फक्त रेघेने पाणी काढलं, वरून खाली येणारं.

डोंबिवली

माझा अनुभव जरा लांबेल.

आजीचा तानपुरा 20 वर्षं माळ्यावर होता. ती गेल्यावर कुणी हात लावला नव्हता. गेल्या वर्षी तो मिरजेला नेला. मिरजेत सतार-तानपुरे घडवणारी घराणी पिढ्यान् पिढ्या आहेत, आणि 2024 मध्ये तिथल्या सतार-तानपुऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. कारागिरांनी भोपळ्यावर टिचकी मारून सांगितलं, भोपळा शाबूत आहे, पण जवारी, म्हणजे तारेचा भरून गुंजणारा नाद, गेली आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणाऱ्या भोपळ्यांची रास शेजारीच होती.

जवारी काढताना मी समोर बसले होते. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानशीने हलकासा घासायचा, तार चढवायची, ऐकायचं, उतरवायची, पुन्हा घासायचं. तासभर हेच. मग तार आणि घोडीच्या मध्ये सुती दोरा सरकवला आणि केसभर मागेपुढे करत एका जागी आणला. सपाट वाजणारी तार एकदम फुलली.

घरी आणून रात्री लावला. पंचम, जोडाच्या म्हणजे 'सा'च्या दोन तारा, शेवटी खर्ज, खालचा 'सा'. जोड जुळला आणि खर्जाच्या मागून एक तिसराच सूर यायला लागला. गंधार. चारपैकी एकही तार गंधारात नाही! आजी 'स्वयंभू गंधार' म्हणायची, तो हा. लहानपणी ती म्हणायची, "ऐकू येतोय का गं?" आणि मी खेळायला पळण्यासाठी हो म्हणायचे. त्या रात्री खरंच ऐकू आला आणि मी खूप रडले.

आता मुद्द्याची गोष्ट. कान असा उघडा असतानाच जाणवलं की स्वयंपाकघरातून कुणीतरी माझ्या खर्जाला साथ देतंय. उठून गेले. फ्रिज! माझा षड्ज, म्हणजे 'सा', पेटीच्या पांढरी पाच पट्टीचा. फ्रिजची घरघर त्याच्या खर्जाच्या किंचित वर. तेव्हापासून फ्रिज बंद झाला की घर रिकामं वाटतं.

ऐरोली

डोंबिवलीच्या ताईंसाठी. मी वीज अभियंता आहे, त्यांच्या कानाला मनापासून दाद देतो. आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदाला 50 आवर्तनं करतो. प्रत्येक आवर्तनात लोखंडी गाभा दोनदा आकसतो-सैलावतो, म्हणून ट्रान्सफॉर्मर आणि मोटारी 100 कंपनांचा सूर धरतात. पांढरी पाचचा खर्ज साधारण 98 कंपनांचा. ताईंनी ऐकलेला 'किंचित' फरक तोच. आयुष्य या आवाजाच्या सोबतीत गेलं, पण मी तो नेहमी बिघाड शोधण्यासाठी ऐकला. काल रात्रपाळीत उपकेंद्रात पहिल्यांदा त्याच्या सुरात 'सा' लावला.

पणजी

चवथीच्या आरत्यांना आमच्याकडे घुमट वाजतं. 2019 पासून ते गोव्याचं वारसा वाद्य आहे. मातीचं भांडं, एका तोंडाला चामडं, पूर्वी घोरपडीचं, आता बकरीचं. दुसरं तोंड उघडं, ते डाव्या तळव्याने झाकायचं-उघडायचं. यंदा भाड्याच्या खोलीत घुमट नव्हतं, म्हणून रिकाम्या माठाच्या तोंडावर तळवा मारून पाहिला. तळवा उचलायच्या वेगावर आवाज 'धूम' होतो की 'धुप्', हे मला घुमटावर कधी कळलं नव्हतं, माठावर कळलं.

न्यू जर्सी

ऐरोलीच्या दादांचं वाचून रात्री दोन वाजता उठले. लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिले कित्येक महिने रियाजाला बसलं की काहीतरी खटकायचं. तानपुरा तोच, पट्टी तीच. घर नवं आहे म्हणून असेल, असं समजून गप्प बसले.

इथे वीज 60 आवर्तनांची आहे. म्हणजे इथला फ्रिज 120 वर. सहास पाच हे प्रमाण म्हणजे कोमल गंधार. पुण्याच्या स्वयंपाकघराला षड्ज धरला, तर माझं इथलं स्वयंपाकघर कोमल गंधारात गातंय.

आईला आत्ता निरोप पाठवला, फ्रिजचा आवाज टेप करून पाठव. ती विचारतेय, बिघडलाय का?