सिझरच्या टाक्यांतून पाणी येतंय, किती चालतं?

गौरी_सातारा
बहिणीचं सिझर होऊन आठ दिवस झाले. टाके विरघळणारे आहेत. डाव्या टोकातून पिवळसर पाणी येतं, गॉजवर दिवसाला रुपयाएवढा डाग. ताप नाही, वास नाही. मालिशवाल्या मावशी म्हणतात शेक-धुरी द्या, टाक्यांना हळद-तूप लावा. सासूबाईंचं म्हणणं पोट घट्ट बांधा, भात-तूपच द्या. तपासणी सोमवारी आहे. तोवर काय करू?

ओटी_सिस्टर
पाणी पातळ असेल आणि डाग रोज लहान होत असेल, तर बहुधा कातडीखालच्या चरबीत साठलेला द्रव बाहेर पडतोय. दाबून काढू नका. पण संसर्ग दिसतो तो याच दिवसांत, म्हणून रोज एकदा चांगल्या उजेडात बघा आणि फोटो काढून ठेवा. थोडी लाली असेल तर कडेने पेनने रेघ मारा. लाली रेघेबाहेर गेली, ताप १००.४ किंवा वर गेला, दाट पू आला, घाण वास आला, दुखणं कमी व्हायचं सोडून वाढलं, कडा उघडली, यातलं एक जरी झालं तरी सोमवारची वाट बघायची नाही. गुलाबीसर पाणी एकदम भसकन आलं तर पोटाचा आतला थर उसवलेला असू शकतो. जखमेवर स्वच्छ ओलं कापड ठेवून, तिला आडवं करून सरळ हॉस्पिटल गाठा.

हळद-तूप नको. पिवळ्या रंगाखाली लाली कळत नाही, आणि डब्यातली पूड काही निर्जंतुक नसते. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइडही नको, नव्या पेशी जळतात. अंघोळीत साबणाचं पाणी वरून वाहू द्या, चोळू नका, मग मऊ कापडाने टिपा. खरी अडचण पोटाच्या घडीत असते, तिथे घाम साचतो. दिवसातून दोन-तीनदा उताणं झोपून घडी वर धरा, दहा मिनिटं वारा लागू द्या, मग कोरडा गॉज. ओला झाला की लगेच बदला. चड्डीचं इलॅस्टिक टाक्यांवर येऊ देऊ नका.

फिजिओ_नाशिक
शेकाबद्दल एक. चिरेच्या वरची कातडी काही महिने बधिर असते, चटका बसला तरी कळत नाही. त्या भागावर शेक नकोच. धुरी तर बाळाच्या खोलीत अजिबात नको. पट्टा चालेल, पण आत हात सहज जाईल इतका सैल, झोपताना काढायचा. उठताना आधी कुशीवर वळून हाताने रेटा द्यावा, खोकताना उशी पोटाशी धरावी. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये. एकाच पिंढरीला सूज आणि दुखणं आलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.

आहार_मंजू
भात-तुपावर जखम कशी भरणार? किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं धरा, म्हणजे ६० किलो वजनाला ७५ ते ९०. दोन अंडी १२, १०० ग्रॅम पनीर साधारण १८, पाव लिटर दूध ८, वाटीभर घट्ट वरण ६-७. अंडी चालत नसतील तर मूग, मटकी, दही वाढवा. लोहाची गोळी चहासोबत नको, लिंबूपाण्यासोबत चालेल. शौचाला कुंथावं लागू नये म्हणून पाणी आणि भाजी भरपूर.

गौरी_सातारा
धन्यवाद. एक राहिलं, गरोदरपणात तिला शुगर होती, इन्सुलिन चालू होतं. आता बंद केलंय.

ओटी_सिस्टर
हे आधी सांगायला हवं होतं! बाळंतपणानंतर साखर बहुतेकींची उतरते, सगळ्यांची नाही. चढी राहिली तर पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत आणि जखम रेंगाळते. घरी ग्लुकोमीटर असेल तर उद्या उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी मोजा. पण डॉक्टरांना फोन आजच करा, टाक्यांचा फोटो पाठवा आणि इन्सुलिनचं आवर्जून सांगा. डिंकाचे लाडू आकडे कळेपर्यंत डब्यातच राहू देत.