घोड्यांचेच काम करायचे आहे. पदवी कोणती घ्यावी?

प्रश्न (पालक, चिकोडी तालुका):
आमचा मुलगा जीवशास्त्र घेऊन बारावीत शिकत आहे. अंकलीच्या शितोळे सरकारांच्या वाड्यातून आळंदीला निघणारे माउलींचे अश्व तो लहानपणापासून पाहत आला आहे आणि पुढे घोड्यांचेच काम करायचे, असे त्याने मनाशी पक्के केले आहे. पशुवैद्यकीय पदवी, इंग्लंडमधील इक्वाइन सायन्सची (अश्वविज्ञानाची) ३ वर्षांची पदवी आणि एका खासगी संस्थेचा अश्व-व्यवस्थापनाचा अल्प मुदतीचा अभ्यासक्रम, यांपैकी काय निवडावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (पशुवैद्यक, बेळगाव):
इक्वाइन सायन्समध्ये घोड्याचा आहार, प्रजनन, व्यायामाचा शरीरावरील परिणाम आणि पागेचा कारभार शिकवतात. मात्र त्या पदवीवर उपचार करण्याचा अधिकार मिळत नाही. त्यासाठी आपल्याकडे बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही साडेपाच वर्षांची पशुवैद्यकीय पदवीच हवी, ज्यात शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे असते. लष्कराच्या रिमाउंट व्हेटरनरी कोअरमध्ये अधिकारी होण्यासाठीही हीच पदवी लागते. या अभ्यासक्रमाचा भर गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या आणि कोंबड्यांवर असतो व घोडा विद्यार्थ्याच्या हाताला फार कमी लागतो, ही उणीव मला स्वतःला फार जाणवते. म्हणून सुट्ट्यांमध्ये पुणे किंवा बेंगळुरूच्या रेसकोर्सवर, कुणिगलसारख्या स्टड फार्मवर (घोड्यांच्या पैदास केंद्रावर) काम करण्याची परवानगी त्याने पहिल्या वर्षापासून मागत राहावे. संशोधनाची ओढ असेल तर हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहेच, पण तो विचार पदवीनंतरचा.

उत्तर २ (पागा व्यवस्थापक, बेंगळुरू):
उपचारांपेक्षा निगा आणि प्रशिक्षण यांत मुलाचे मन रमणार असेल, तर खासगी अभ्यासक्रमही उपयोगी पडतो. मात्र शुल्क भरण्यापूर्वी आपण दोघांनी त्या संस्थेची पागा पहाटे खराऱ्याच्या वेळी पाहावी. मोतद्दाराला, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याला, एका घोड्याचा पाय उचलून दाखवायला सांगा. खुराच्या तळाचा त्रिकोणी, लवचीक भाग काळा पडून त्याला दुर्गंधी येत असेल, तर तो घोडा ओल्या लिदीत उभा राहतो, हे समजावे आणि तिथून परतावे. रात्री पोटशूळ उठल्यास कोण येते, हेही विचारा. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे साधी वाटणारी पोटदुखी काही तासांत त्याच्या जिवावर बेतू शकते. नालबंदाचे काम विद्यार्थ्यांना जवळून पाहायला मिळते का, याचीही चौकशी करावी, कारण साधारण ६ ते ८ आठवड्यांनी करावी लागणारी खुरांची छाटणी ज्याला पारखता येत नाही, त्याच्यावर पागा सोपवता येत नाही.

उत्तर ३ (माजी विद्यार्थी, निपाणी):
पशुवैद्यकच्या प्रवेशाबद्दल थोडेसे. ‘नीट’ (NEET) ही प्रवेश परीक्षा मराठीतूनही देता येते. १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. उरलेल्यांसाठी राज्याच्या रहिवासाच्या व शिक्षणाच्या अटी असतात. आपल्या भागातील बरीच मुले कोल्हापूरला शिकतात, तेव्हा मुलाचे शिक्षण कोणत्या राज्यात झाले आहे हे पाहून कर्नाटक व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांच्या माहितीपुस्तिका आताच वाचाव्यात. महाराष्ट्रात सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यांसाठी काही अभ्यासक्रमांत वेगळी तरतूद असते, ती पशुवैद्यकला लागू होते का तेही पाहावे आणि दाखले निकालापूर्वीच काढून ठेवावेत.