मदत हवी आहे: सातवीच्या वर्गात अजिंठ्याची 'भिंत' करतोय, गिलावा तडकतोय

नमस्कार मंडळी,

मी मराठवाड्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. अजिंठ्याच्या पद्मपाणी बोधिसत्त्वाचं छापील चित्र समोर ठेवून नक्कल काढायला लावली की मुलं नाक-डोळे जुळवण्यातच अडकतात. ती भिंत कशी तयार केली, रंग कुठून आणले, हे राहूनच जातं. म्हणून यंदा सातवीत चार-चार मुलांचे गट केलेत आणि प्रत्येक गटाला प्लायवूडची फळी दिलीय. अजिंठ्यात होता तसाच गिलावा: माती, दगडाची बारीक भरड, भाताचं तूस. त्यावर तिथे चुन्याचा पातळ हात असे. मुलांच्या हाताला चुना नको म्हणून आम्ही खडूची पूड घेतो. रंग म्हणजे गेरू, पिवडी (पिवळी माती) आणि काजळी, बाभळीच्या डिंकात कालवलेले.

निळा मुद्दाम दिला नाही. दहाव्या लेण्यातल्या जुन्या, सातवाहनकालीन चित्रांत तो नाही. पाचव्या शतकातल्या, वाकाटकांच्या काळातल्या चित्रांत मात्र आहे, आणि तो लाजवर्द दगडाचा. हा दगड यायचा थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून. "बाई, निळा कुठाय?" असं एका मुलीनं विचारलं, मग नकाशा काढला, आणि सगळा तास व्यापारी वाटांवर गेला. मला इतिहास असाच शिकवायचाय.

अडचण गिलाव्याची आहे. आमच्याकडे काळीच माती. वाळताना ती आकसते, भेगा पडतात आणि कडेचे पोपडे फळीपासून सुटतात. वाळू किती मिसळावी? तुसाऐवजी तागाचे बारीक तुकडे चालतील का? फळीवर आधी गोणपाट चिकटवलं तर गिलावा धरून राहील का? डिंकाचंही प्रमाण सांगा. कमी पडला तर रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर चकाकतो आणि पापुद्रे निघतात.

दुसरं, आठवड्याला पस्तीस मिनिटांचे दोनच तास मिळतात. गिलावा वाळेपर्यंतच्या तासांना काय घ्यावं? सतराव्या लेण्यातल्या जातककथांची रेखाटनं करून घ्यावीत असं मनात आहे.

आणि गुण कसे द्यायचे? ज्याचा हात चित्रात बसलेला नाही, पण रंग कुठल्या खनिजाचा हे ज्याला नेमकं सांगता येतं, अशा मुलाचे गुण कमी होऊ नयेत. कोणी असं काही वर्गात केलं असेल तर तपासायची पद्धत जरूर लिहा. गिलाव्याचं उत्तर आधी मिळालं तर बरं, पुढच्या फळ्या सोमवारी लिंपायच्या आहेत.