मदत हवी आहे: जुना ब्राऊन बेल्ट, नवीन क्लास. कोणता बेल्ट बांधून जाऊ?

सांगलीकरीण

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे आणि घरी विचारला तर नवरा हसतो म्हणून इथे विचारतेय.

मी मूळची सांगलीची. शाळा-कॉलेजात असताना शोतोकान कराटे केलं, जवळजवळ ९ वर्षं, शेवटची ग्रेडिंग ब्राऊन बेल्ट थर्ड क्यू (ब्राऊनची पहिली पायरी), मग नोकरी, लग्न, पुणे, मुलगी आणि मधे १२ वर्षं काहीच नाही. आता मुलीला (वय ७) कोथरूडात घराजवळच्या क्लासला घातलंय, सोसायटीच्या हॉलमध्ये असतो. तीन आठवडे तिला सोडून बाहेर पायरीवर बसून बघत होते आणि हात नुसते शिवशिवायला लागले, सर म्हणाले मोठ्यांची पण बॅच आहे, या की एक दिवस ट्रायलला.

गेले. गडबड तिथेच झाली. हा क्लास गोजू-र्यूचा आहे, म्हणजे कराटेचीच पण दुसरी स्टाईल, माझं सगळं शोतोकान. ट्रॅक पँट आणि टी-शर्टवर गेले होते, बेल्ट नाही, रांगेत कुठे उभं राहायचं कळेना. आमच्याकडे सीनियर उजव्या टोकाला आणि मग उतरत्या क्रमाने, इथेही तसंच दिसलं म्हणून गपचूप डाव्या टोकाला जाऊन उभी राहिले. शेजारी एक ग्रीन बेल्टचा मुलगा, नववी-दहावीतला असेल. किहॉन (बेसिक सराव) सुरू झालं आणि त्याचा झेनकुत्सु दाची (पुढचा पाय वाकवून उभं राहायचा स्टान्स) मला इतका आखूड दिसला की तोंडातून निघूनच गेलं, "अरे पाय अजून पुढे टाक, बस खाली." त्याने बिचाऱ्याने मुकाट टाकला. दोन मिनिटांनी सर आले आणि त्यालाच म्हणाले, एवढा लांब का टाकलास, आखूड कर. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरी येऊन माळ्यावरची बॅग काढली. बेल्ट आहे, सर्टिफिकेटपण आहे (एका कोपऱ्याला वाळवी लागलीय). तर आता,

बेल्ट ब्राऊन बांधू की पांढरा? की सर काही म्हणेपर्यंत बांधूच नको? त्या मुलाला सेन्पाई (सीनियर) म्हणायचं का, आमच्याकडे म्हणायचे, पण तेव्हा मी १५ वर्षांची होते, आता ३६ ची आहे. आणि सांगलीच्या सरांना कळवायला हवं का, की मी दुसऱ्या स्टाईलला जातेय?

---

नुसताच_वाचक

बेल्ट कमरेला बांधतात एवढंच माहीत आहे पण धागा वाचतोय. तो ग्रीन बेल्टवाला पोरगा गुणी आहे.

---

ज्युडोवाला_नाना

ताई, सर्वात आधी सरांना फोन करा. व्हॉट्सॅप मेसेज नको. क्लास सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं गाठून पण नको, तेव्हा त्यांच्यामागे पालक लागलेले असतात. निवांत वेळी फोन करून तीन गोष्टी सांगा: किती वर्षं, कोणती स्टाईल, किती गॅप. आणि मग विचारा की तुमच्याकडे पद्धत काय आहे. नव्या डोजोत (क्लासमध्ये) कोणता बेल्ट बांधायचा हे तिथला शिक्षक ठरवतो. मी ज्युडोत गेली २५ वर्षं आहे, दोनदा क्लब बदलला, दोन्ही वेळा असंच केलं.

बेल्टबद्दल लोकांना वाटतं हे हजार वर्षांपूर्वीचं काहीतरी पवित्र आहे. तसं नाहीये. ज्युडोचे संस्थापक जिगोरो कानोंनी १८८२ ला कोदोकान ही आपली शाळा काढली, १८८३ ला पहिल्यांदा दोघा शिष्यांना शोदान (पहिला डॅन, म्हणजे आजच्या काळ्या बेल्टची पहिली पायरी) दिला आणि तेव्हा वेगळा बेल्ट वगैरे काही नव्हता, काळा बेल्ट त्यानंतर तीनेक वर्षांनी आला. तुमच्या शोतोकानच्या फुनाकोशींनी ही पद्धत ज्युडोवरून उचलली आणि कराटेतले पहिले डॅन १९२४ ला दिले. आणि हे पिवळा-नारिंगी-हिरवा-निळा इंद्रधनुष्य आहे ते तर युरोपात रुळलं, तिथल्या लोकांना दर थोड्या दिवसांनी काहीतरी हातात पडायला हवं होतं म्हणून. आपल्यासारखंच.

आणि तुम्ही जिथे जाताय त्या गोजूची गंमत म्हणजे संस्थापक चोजुन मियागी १९५३ ला गेले तोपर्यंत त्यांनी स्वतः कुणालाच डॅन दिला नाही, बेल्टांची शिडी तिकडे शिष्यांनी नंतर लावली. त्यामुळे फार टेन्शन घेऊ नका.

---

तिखटमीठ

मी जरा वेगळं बोलते, रागवू नका. ब्राऊन बेल्ट ९ वर्षं घाम गाळून मिळवलाय ना? मग बांधा की. पांढरा बांधून जायचं आणि मग पहिल्याच दिवशी सगळ्या पांढऱ्या बेल्टवाल्यांपेक्षा भारी पंच मारायचे, ही पण एक प्रकारची शायनिंगच आहे. आमच्या तायक्वांदोच्या क्लासला एक काका असेच आले होते, पांढरा बेल्ट, "मला काही येत नाही हो", आणि मग साईड किक अशी मारली की पॅड धरणारा मुलगा भिंतीला. नंतर कळलं २० वर्षं करत होते. सगळे म्हणाले काय नम्र माणूस. मला नाही वाटलं नम्र.

---

गार्ड_पास_कर

तिखटमीठ यांचा मुद्दा बरोबर आहे पण उपाय चुकीचा आहे असं माझं मत.

माझं सांगतो. ठाण्यात ज्युडो केलं, ब्राऊन बेल्टपर्यंत, मग ब्राझिलियन जिउ-जित्सूला गेलो. तिथे चर्चाच नाही, ज्युडोचा बेल्ट ज्युडोत, इथे पांढरा. बांधला. पहिल्याच रोलिंगला (सरावाच्या लढतीला) समोर एक ब्लू बेल्ट, त्याला वाटलं हा नवीन आहे, आरामात पकड दिली आणि मी सवयीने सेओई नागे (खांद्यावरून फेकायचा डाव) टाकला. तो गपकन आपटला. हॉल शांत. मला वाटलं आपण बाजी मारली. त्यानंतर मी वरून त्याच्या गार्डमध्ये (तो पाठीवर, त्याचे पाय माझ्याभोवती) गेलो आणि ४० सेकंदात त्याच्या पायांच्या ट्रँगल पकडीत अडकून मीच टॅप केला, म्हणजे हार मानली, हा भाग वेगळा, पण नंतर कोचने बाजूला घेऊन जे सांगितलं ते लक्षात राहिलं. तो म्हणाला, समोरचा तुझ्या बेल्टकडे बघून ठरवतो की हा काय करू शकतो, मी किती सावध राहू. तुझा बेल्ट त्याला खोटं सांगत होता तर तू तोंडाने खरं सांगायला हवं होतंस.

तेव्हापासून कुठेही नवीन मॅटवर गेलो की हात मिळवतानाच सांगतो, ज्युडो केलंय, उभ्याने जोरात टाकणार नाही. दहा सेकंद लागतात.

आणि ताई तुमच्या बाबतीत उलटा धोका जास्त आहे. ब्राऊन बांधून कुमितेला (लढतीला) उभ्या राहिलात तर समोरचा ब्राऊन समजूनच येणार. टायमिंग १२ वर्षांपूर्वीचं आहे, गुडघे आजचे आहेत. टाचेच्या वरची शीर तर अजिबात गृहीत धरू नका, आमच्याकडे एक जण असाच मोठ्या गॅपनंतर परत आला आणि तिसऱ्या आठवड्यात उडी मारताना कट्ट आवाज आला, सहा महिने घरी.

---

लालमाती

कोल्हापूरचा आहे, कराटेतलं काय बी कळत नाही पण तालमीचं सांगतो. आमच्याकडं बेल्टच नाही. लंगोट सगळ्यांचा सारखा, पोरगा पहिल्या दिवसाचा असू दे नाहीतर गदा मारून आलेला. तरीपण कोण कुठं हे सगळ्यांना माहीत असतंय.

गंगावेस म्हणा, मोतीबाग म्हणा, बाहेरगावची पोरं येतात, आपल्या गावात दोन-चार मैदानं मारलेली असतात. आल्यावर आधी मारुतीला नमस्कार, मग हौद्यातली माती कपाळाला, मग वस्तादाच्या पाया. वस्ताद विचारणार, कुणाचा रं तू? म्हंजे बापाचं नाव नव्हे, कुणाच्या हाताखाली मेहनत केलीस. ते नाव सांगितलं की झालं तुमचं सर्टिफिकेट. मग पहिले काही दिवस त्याला लढायला लावतच नाहीत, माती उकरायची, जोर मारायचे, मोठ्या पैलवानांचं अंग रगडायचं. आणि एक नियम म्हंजे नियम, दुसऱ्याच्या पठ्ठ्याला डाव सांगायचा नाही. वस्ताद हौद्याच्या कडंला उभा असताना तर नाहीच नाही. तुमचं चुकलं ते हितं चुकलं बघा ताई. बेल्ट कुठला बी बांधा.

माझ्या आज्ज्यानं एकदा असंच दुसऱ्या तालमीत जाऊन एका पोराला "पट असा काढ" म्हणून सांगितलं, वस्तादानं त्याच पोराला सांगितलं, काढ आता ह्येंचाच पट. आज्जा पडला. घरात अजून सांगतात.

---

सांगलीकरीण

लालमाती, तुमच्या आजोबांचं वाचून जरा बरं वाटलं, मी एकटीच नाही.

म्हणजे बेल्टपेक्षा ते शिकवणं जास्त खटकलं असेल असं म्हणताय का सगळे? मला खरंच मदत करायची होती हो.

---

राईनकाठी

सांगलीकरीण, मदतच करायची होती हे पटतंय पण तो आखूड झेनकुत्सु चुकीचा नव्हताच ना. शोतोकानचे स्टान्स लांब आणि खोल, गोजूचे आखूड, त्यांचा सांचिन दाची हा स्टान्स तर आत वळवलेला. हिकितेचा हात (पंच मारताना मागे ओढतो तो) तुमचा कमरेला, त्यांचा वर बरगडीपाशी. मी शोतोकानवाला, इथे जर्मनीत एका गोजूच्या सेमिनारला गेलो होतो तेव्हा तिथल्या बाईंनी माझी कोपरं दोन दिवस वर ढकलली. तिसऱ्या दिवशी घरी आलो तर आता माझ्या सरांनी खाली ढकलली.

इकडे एक सोय आहे, पासबुकासारखी पुस्तिका असते, प्रत्येक बेल्टची परीक्षा कधी दिली, कोणी घेतली, सही-शिक्का. क्लब बदलला, गाव बदललं तरी तीच दाखवायची, स्टाईल तीच असेल तर बेल्ट चालतो. स्टाईल बदलली की मात्र इथेही सरळ विचारतात. तर वाळवी लागलेलं का असेना, सर्टिफिकेट सरांना एकदा दाखवा. फ्रेम करून नाही, फोनवर फोटो दाखवला तरी पुरे.

सेन्पाईचं म्हणाल तर वय बघत नाहीत, त्या डोजोत आधी कोण आलं ते बघतात. तो मुलगा तिथे तुमच्या आधी आलाय, म्हणजे सेन्पाई. पण तो क्लास हा शब्द वापरतो का ते आधी ऐका. सगळीकडे नाही वापरत.

---

ज्युडोवाला_नाना

राईनकाठींशी सहमत. आणि सांगलीच्या सरांना जरूर कळवा, परवानगी म्हणून नाही, त्यांना आनंद होईल म्हणून. १२ वर्षांनी जुन्या विद्यार्थिनीचा फोन येतो की परत सुरू केलं, यापेक्षा काय हवं असतं शिक्षकाला.

अजून एक सावधगिरी. काही ठिकाणी "तुमचा जुना बेल्ट आमच्या संस्थेत कन्व्हर्ट करून देतो, एवढे एवढे भरा" असा प्रकार असतो. शिकवायच्या आधी पैसे आणि बेल्टची भाषा सुरू झाली तर निघा तिथून. तुमचे सर तसे वाटत नाहीत, तरी सांगून ठेवतो.

---

बटाटेवडा_नाईट

अवांतर: वर्ल्ड कराटे फेडरेशनच्या मॅचमध्ये तर एकाला लाल आणि दुसऱ्याला निळा बेल्ट असतो, खेळाडू कितव्या डॅनचा का असेना. २०२१ ला टोकियो ऑलिम्पिकमध्ये कराटे होतं तेव्हा आमचे बाबा टीव्हीसमोर बसून म्हणाले, एवढ्या लांब गेले आणि अजून ब्लॅक बेल्ट नाही?

---

सांगलीकरीण

अपडेट द्यायला उशीर झाला, ऑफिसमध्ये मार्च एंड होता.

फोन केला सरांना. सगळं सांगितलं, त्या मुलाला बोलले त्याबद्दल सॉरी पण म्हटलं. ते हसले, म्हणाले मॅडम माझ्या लक्षात आलंच होतं, इतका लांब स्टान्स त्याने आयुष्यात टाकला नव्हता. बेल्टचं म्हणाले, ब्राऊन बांधलात तरी माझी हरकत नाही, पण ब्राऊनच्या रांगेत उभं राहिलात तर मी ब्राऊनचा काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) मागणार, आणि आमचा काता तुम्हाला येत नाही. तुम्हीच ठरवा. मी म्हटलं पांढरा. मग म्हणाले ठीक, पण कुमितेला मी सांगेपर्यंत उभं राहायचं नाही आणि पार्टनरला दरवेळी सांगायचं की आधी केलेलं आहे. म्हणजे गार्ड_पास_कर यांचंच बोलणं.

सांगलीच्या सरांशी पण बोलले. पाऊण तास. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तेक्की शोदान हा आपला काता आठवतो का? नाही आठवत सर. फोन ठेवला की कर, म्हणाले. स्वयंपाकघरात केला, निम्मा आठवला, फ्रिजला कोपर लागलं.

आणि तो मुलगा. पहिल्या दिवशी गेले तर सरांनी त्यालाच माझ्यापुढे उभं केलं, गेकिसाई दाई इची हा काता शिकवायला. मी आपली पद्धतशीर वाकून "सेन्पाई" म्हटलं तर कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, "काकू, असं नका ना म्हणू." मग पाच मिनिटांनी मात्र, "काकू, पाय आखूड." "काकू, कोपर वर." "काकू, परत लांब टाकलात." तासभर हेच. हा काता मियागींनी १९४० ला नवशिक्यांसाठी बसवला असं सरांनी सांगितलं, आणि मला त्यातली चौथी स्टेप दोन आठवडे झाले तरी जमत नाहीये कारण शरीर आपोआप हेइआनमध्ये (शोतोकानच्या सुरुवातीच्या कात्यांमध्ये) घुसतं.

लेकीची येलो बेल्टची ग्रेडिंग पुढच्या महिन्यात आहे. म्हणजे ती रांगेत माझ्या उजवीकडे जाणार. तिने आत्तापासून मला सांगून ठेवलंय की घरी पण सेन्पाई म्हणायचं.

ब्राऊन बेल्ट बॅगेतच आहे. एक शेवटची मदत हवीय, नवीन पांढरा बेल्ट इतका कडक आहे की दर दहा मिनिटांनी गाठ सुटते आणि सगळ्यांकडे पाठ करून बांधत बसावं लागतं. काय करू?

---

ज्युडोवाला_नाना

कोमट पाण्यात रात्रभर टाका, सावलीत वाळवा, मग टीव्ही बघताना दोन्ही हातांनी पिळत बसा. तीन-चार सिरियलींत मऊ येतो. आणि पाठ करून बांधताय ते बरोबर करताय, सरांकडे तोंड करून बेल्ट बांधू नका.

---

लालमाती

लंगोटाला ही भानगड नसती बघा.