आजोबांची पदकं, गणवेश, पत्रं: जपायची कशी?

प्रश्न
आजोबांची सैन्यातली ट्रंक आता आमच्याकडे आली आहे. फितींसकट पाच पदकं, लोकरी गणवेश, डिस्चार्ज बुक (सैन्यातल्या सेवेच्या नोंदींची पुस्तिका), घरी पाठवलेली पत्रं आणि कृष्णधवल फोटोंचा अल्बम. पदकं काळवंडली आहेत, गणवेशाला कसर लागलेली दिसते. पुढच्या पिढीला आजोबा कळावेत म्हणून त्यांच्या आयुष्याची वही करायची आहे. पदकं घासून चकचकीत करावीत का? सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १
घासू नका, अगदी हलक्या हातानेसुद्धा नको! पॉलिशमधली पूड दर वेळी धातूचा पातळ थर काढते. कित्येक पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते आणि सगळ्यात आधी झिजतं ते तेच. कडेवर तिरपा उजेड पाडून भिंगाने वाचा, फोटो काढा. चांदीवरचा काळा थर तसाच राहू द्या, त्याने बिघडत नाही. तांब्या-पितळेवर हिरवी भुकटी दिसली तर मात्र ते पदक वेगळं ठेवून जाणकाराला दाखवा. रबरबँड आणि लोकरी कापड पदकांपासून लांब ठेवा, त्यातल्या गंधकानेच चांदी काळी पडते. फिती उन्हात विटतात. पदकं ज्या क्रमाने लावलेली आहेत तो क्रम मोडू नका.

प्रतिसाद २
गणवेश आधी बाकी सामानापासून दूर करा. लोकर खाते ती पतंगाची अळी, आणि ती शिवणीत, कॉलरखाली, खिशांच्या कोपऱ्यांत दडते. मऊ ब्रशने झाडून घ्या. चामड्याचा पट्टा काढून ठेवा. मग गणवेश दोन प्लॅस्टिक पिशव्यांत हवा काढून घट्ट बांधा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार कापडावर दव धरतं आणि बुरशीला आयतं निमंत्रण मिळतं. धुऊ नका, जुना रंग आणि अस्तर दोन्ही दगा देतात. घडीत आम्लविरहित कागदाच्या गुंडाळ्या घाला, म्हणजे कापड घडीवर चिरत नाही.

प्रतिसाद ३
फोटो अल्बमला चिकटले असतील तर ओढू नका. अख्खं पान ६०० डीपीआयवर (स्कॅनरमधलं बारकाव्याचं माप) टिफ प्रकारच्या फाइलमध्ये स्कॅन करा. सुट्या फोटोंची मागची बाजूही करा, नावं तिथेच सापडतात. लॅमिनेशन कधीच नको. नवी नोंद मऊ पेन्सिलीने, मागे, कडेला.

पत्रं लिफाफ्यापासून वेगळी करू नका. लष्करी पत्रात सेन्सॉरमुळे ठिकाण बहुधा नसतं, पण टपालाच्या शिक्क्यात तारीख आणि फील्ड पोस्ट ऑफिसचा (सैन्यासाठीच्या टपाल कचेरीचा) नंबर असतो. त्या नंबरावरून त्या महिन्यात आजोबा कुठे होते, याचा माग काढता येतो. गंजणाऱ्या टाचण्या तेवढ्या काढा.

प्रतिसाद ४
वहीचा कणा डिस्चार्ज बुक. भरती, प्रशिक्षण, बदल्या, बढत्या, निवृत्ती या तारखा आधी उतरवा आणि प्रत्येकीसमोर ती कुठून मिळाली ते लिहा: कागद, पदक की कुणाच्या तोंडून. ऐकीव गोष्टीही जरूर घ्या, पण त्या ऐकीव म्हणूनच.

घरोघरी एक चूक होते: मोहिमेचं पदक शौर्यपदक समजलं जातं. मोहिमेचं पदक ठरावीक काळात ठरावीक भागात सेवा केली म्हणून मिळतं. शौर्यपदकाचं मानपत्र असतं, ते शोधा.

आजींशी किंवा आजोबांच्या सोबत्यांशी बोलताना समोर एक फोटो ठेवा. ‘युद्धाचं सांगा’ म्हटलं की माणसं गप्प होतात. बूट कुठले होते, पहारा किती तासांचा, पत्र यायला किती दिवस लागायचे, असं विचारा. या उत्तरांतूनच आजोबा दिसू लागतात.

प्रश्नकर्ता
फार मदत झाली. एका ग्रुप फोटोत वीसेक जवान आहेत आणि नावं दोघांचीच माहीत आहेत. त्याचं काय करू?

प्रतिसाद ३
स्कॅनच्या छापील प्रतीवर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक चेहऱ्याची बाह्यरेषा काढा, आकडे घाला. कळेल तसं आकड्यासमोर नाव लिहा. ज्यांची नावं नाहीत त्यांचे आकडेही यादीत राहू द्या, कुणाचा तरी नातू त्यांनाही शोधत असेल.