कोरोनाची भीती मोजायची प्रश्नावली मराठीत कशी करू?

फोंडेकर_एमए: नमस्कार, सायकॉलॉजीच्या डिसर्टेशनसाठी युनिव्हर्सिटीतल्या मुलांची कोरोनाची भीती मोजायचीय. 2020 ला इराणमध्ये बनवलेली 7 प्रश्नांची स्केल घेतलीय, प्रत्येकाला 1 ते 5, म्हणजे एकूण 7 ते 35. मराठी मीच केलं आणि हॉस्टेलवरच्या सहा मुलींना भरायला दिलं, तर 'कोरोनाचा विचार आला की हाताला घाम येतो' इथे एकीने पेन थांबवून विचारलं, अगो मे महिन्यात घाम कोणाला येत नाही? वाक्य बदलू का? आणि किती स्कोअरच्या वर 'जास्त भीती' धरायची?

डिचोलीकर: बदलाच. मूळ शब्द क्लॅमी आहे, नुसता घाम नाही, 'हात गार पडून ओलसर होतात' असं करा. मग मूळ न पाहिलेल्या कोणाकडून तरी परत इंग्लिश करून घ्या, अर्थ कुठे सरकला ते लगेच कळतं. रेषा मूळ पेपरात आखलेलीच नाही, आकडा जास्त तितकी भीती जास्त, एवढंच, तेव्हा उगाच 20 वगैरे ठरवू नका. आणि त्यांचा अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात तो आकडा) 0.82 आहे तो त्यांच्या 717 लोकांवरचा, तुमचा तुम्हालाच काढावा लागेल.

वास्कोची: मी जून 2020 ला वास्कोतल्या मांगोर हिलजवळ राहायचे, ते कंटेनमेंट झोन झालं तेव्हा टीवायला होते. तुझ्या स्केलवर माझा स्कोअर कमीच आला असता गो, कारण झोप लागायची, धडधड नव्हती, स्वतःच्या मरणाचं तर डोक्यातच नव्हतं. पण आजीचं ताट उंबऱ्याबाहेरून सरकवायचे आणि ती खोकली की माझा हात ताटावरच थांबायचा, मी आणला असेन तर? या भीतीचा त्या 7 मध्ये एकही प्रश्न नाही. घरच्यांबद्दल वेगळं विचार, फक्त 35 मध्ये मिळवू नको, नाहीतर दुसऱ्यांच्या आकड्यांशी तुलनाच करता येणार नाही.

फोंडेकर_एमए: ताई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आमच्याकडेही आजोबांचं असंच होतं. वेगळा प्रश्न लिहिलाय: 'माझ्यामुळे घरच्यांना कोरोना होईल अशी भीती वाटते.' 'वाटते' ठेवू की 'वाटायची'?

डिचोलीकर: 'वाटते.' स्केल आजची भीती विचारते. तेव्हाचं हवं असेल तर चार-पाच जणांना बसवून बोलतं करा, तो आठवणींचा भाग वेगळा लिहा.